गावरान इटली

मिलानमधला पहिलाच शुक्रवार. ऑफिस सुटल्यावर सगळी टीम जवळच्या बारमध्ये गेलेली. मिलानमध्ये या प्रकाराला 'आपेरितीव्हो' म्हणतात. म्हणजे जेवणाआधी एक ड्रिंक, सोबत ऑलिव्ह, चीज, ब्रेडचे तुकडे आणि भरपूर गॉसिप. वेटर माझ्यासमोर उभा. मेन्यूकार्डावर वाइनची चाळीसेक नावं, त्यातली दोनच माझ्या ओळखीची. मी शक्य तितक्या कॉन्फिडन्सने म्हणाले, "मेर्लो."

टेबलावर शांतता पसरली. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की कोल्हापुरात तांबड्या रश्श्यासमोर बसून मी पनीर बटर मसाला मागवला असावा. हा गडी मूळचा नेपल्सच्या पलीकडच्या अवेल्लिनो गावचा. आमच्या टीममधल्या दोघा पुणेकरांनी त्याचं नाव केव्हाच 'अवेल्लिनोकर' करून टाकलं होतं. तो म्हणाला, "मेर्लो चांगलीच असते. पण ती फ्रेंच. तू तीन महिने इटलीत आहेस. रोज एक नवं इटालियन द्राक्ष प्यायलीस तरी परत जाईपर्यंत यादी संपणार नाही."

मला वाटलं, नेहमीच्या इटालियन फेकाफेकीपैकी एक. रूमवर येऊन शोधलं आणि गारच पडले. जॅन्सिस रॉबिन्सन, ज्युलिया हार्डिंग आणि होसे वुइयामो या तिघांचा 'वाइन ग्रेप्स' नावाचा एक जाडजूड ग्रंथ 2012 मध्ये आला. त्यात जगभरातल्या 1,368 वाइन-द्राक्षांची नोंद आहे. त्यातली 377 एकट्या इटलीची! रोज एक म्हटलं तरी वर्ष पुरत नाही. गड्याचा हिशोब बरोबर होता.

तीन महिन्यांचं ऑनसाइट पोस्टिंग, शनिवार-रविवार मोकळे आणि रेल्वेची तिकिटं परवडणारी. मी ठरवलं, म्युझियम नंतर. आधी द्राक्षं.

आधी थोडा हिशोब

वाइन म्हणजे फार हाय-फाय भानगड असं मला आधी वाटायचं. खरं तर मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग. छाटणी, डोळा, काडी, घड हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलेय. पण आमची द्राक्षं खायची. थॉम्पसन सीडलेस, गोड, बिनबियांची, पेटीत घालून मार्केटला जाणारी. वाइनची द्राक्षं वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि चवीचा बराचसा माल त्या सालीत असतो.

जगभर वाइन पिकवणाऱ्यांनी त्यातल्याही मोजक्याच जाती उचलल्या. काबर्ने सोविन्यों, मेर्लो, शार्दोने, सोविन्यों ब्लां, शिराझ. बहुतेक मूळच्या फ्रान्सच्या. आपल्या नाशिकच्या वाइनचं लेबल वाचा, तीच मंडळी भेटतील. कारण सोपं आहे. नाव ओळखीचं असलं की बाटली खपते.

इटलीलाही हा मोह चुकला नाही. 1879 मध्ये फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड तिथे पोचली आणि पुढच्या काही दशकांत तिने बागांच्या बागा झोपवल्या. त्यावर उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. पण पुन्हा लागवड करायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याने साहजिकच जास्त माल देणारी जात निवडली. मग दोन महायुद्धं झाली, तरुण पोरं शहरातल्या कारखान्यांत गेली आणि डोंगरावरच्या बागा ओस पडल्या. 1980-90च्या दशकांत तर काबर्ने आणि मेर्लोची फॅशनच आली. या सगळ्या गडबडीत कित्येक गावरान जाती एखाद्या बांधावर, एखाद्या म्हाताऱ्याच्या परसात दोन-चार वेलींपुरत्या उरल्या.

त्या वाचल्या कशा, ही माझ्या तीन महिन्यांची गोष्ट.

सायकलवाल्याच्या डोंगरात

पहिला शनिवार तोर्तोनाचा. मिलानहून जेनोव्हाच्या दिशेने रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. प्येमोंते प्रांताच्या कोपऱ्यातलं हे गाव टुरिस्टांच्या यादीत नसतं. आसपासच्या टेकड्या सायकलवाल्यांना मात्र पाठ असतात. इटलीचा लाडका सायकलपटू फाउस्तो कोप्पी 1919 मध्ये इथल्याच कास्तेल्लानिया गावात जन्मला. गावाने 2019 मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, स्वतःच्या नावापुढे 'कोप्पी' हे आडनाव लावून घेतलं. फॅन असावेत तर असे!

इथल्या पांढऱ्या द्राक्षाचं नाव तिमोरास्सो. एकेकाळी या टेकड्यांवर भरपूर होतं. पण तिमोरास्सो म्हणजे नखरेल प्रकरण. एका वर्षी घड भरपूर, दुसऱ्या वर्षी नाहीत. मणी एकसारखे पिकत नाहीत, काही आधीच गळून पडतात. त्यापेक्षा शेजारच्या गावी वाइनचं कोर्तेसे हे द्राक्ष बरं, मुकाट्याने माल देतं. लोकांनी तिमोरास्सो उपटून कोर्तेसे लावलं.

1980च्या दशकात मोनलेआले गावच्या वॉल्टर मास्सा नावाच्या शेतकऱ्याला वाटलं, या नखरेल द्राक्षात काहीतरी आहे. त्याने उरलेल्या वेलींची फळं वेगळी काढून 1987च्या हंगामात एकट्या तिमोरास्सोची वाइन केली. पुढे तोर्तोनाच्या जुन्या रोमन नावावरून या वाइनला 'देरथोना' म्हटलं जाऊ लागलं. आज या टेकड्यांत बारोलोची बडी बडी घराणी जमीन घेऊन तिमोरास्सो लावतायत.

मी ती प्यायले एका छोट्या बागेच्या पडवीत. मालकीणबाईंनी दोन ग्लास ठेवले, एक ताज्या वाइनचा, एक आठ वर्षं जुन्या बाटलीतला. ताजी चांगली होती, लिंबू आणि हिरव्या सफरचंदासारखी. पण जुनी! मध, ओला दगड आणि कुठेतरी हलकासा रॉकेलसारखा वास. वाचायला विचित्र वाटेल, पण प्यायला भन्नाट. पांढरी वाइन लगेच संपवायची असते हा माझा समज तिथेच संपला.

"तुम्ही उपटली नव्हती का?" मी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी उपटली होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुलांना शिकवायचं होतं. मी परत लावली. मुलं शिकून झाल्यावर."

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

सोन्याची काडी आणि काळी मिरी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिउलीत गेले. उदीनेपर्यंत मोठी रेल्वे, तिथून चिविदालेपर्यंत छोटीशी, पुढे टॅक्सी आणि मग प्रेपोत्तो. ओढ्यासारख्या नदीपलीकडे स्लोव्हेनिया. इतकं बॉर्डरवर, की मोबाइल सारखा 'वेलकम टू स्लोव्हेनिया' म्हणत होता.

इथल्या लाल द्राक्षाचं नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले. स्क्योप्पेत्तीनो. नावात 'फुटणं, तडतडणं' आहे. कोणी म्हणतं मणी दाताखाली फुटतो म्हणून, कोणी म्हणतं आंबताना वाइन तडतडते म्हणून. 1970च्या सुमारास ही जात जवळजवळ संपली होती आणि त्याहून वाईट म्हणजे ती सरकारी परवानगीच्या यादीतही नव्हती. म्हणजे आपल्या आजोबांचं द्राक्ष आपल्याच शेतात लावणं बेकायदा!

पाओलो आणि दीना रापुत्सी हे जोडपं त्याच सुमारास चाल्ला नावाच्या खोऱ्यात आलं. त्यांनी गावोगाव फिरून उरलेल्या वेली शोधल्या आणि कायद्याची पर्वा न करता लावल्या. 1975 मध्ये ग्राप्पा बनवणाऱ्या नोनीनो कुटुंबाने एक पुरस्कार सुरू केला, फ्रिउलीच्या बोलीत 'रिझीत दाउर', म्हणजे सोन्याची काडी. द्राक्षाची काडी! हेतू हाच, की मरणाऱ्या गावरान जाती लावणाऱ्यांच्या पाठीवर थाप पडावी आणि सरकारी यादीत बदल व्हावा. रापुत्सी त्याच्या सुरुवातीच्याच मानकऱ्यांपैकी. पुढे यादीही बदलली.

पहिला घोट घेतला आणि मी दचकले. काळी मिरी. 'मिरीसारखं काहीतरी' नव्हे, चक्क मिरपूड. यात कवीकल्पना काही नाही. रोटंडोन नावाचं एक रसायन काळ्या मिरीत असतं, तेच काही द्राक्षांच्या सालीत असतं. शिराझमध्ये ते असतं आणि स्क्योप्पेत्तीनोतही सापडलंय. मला एकदम आजीच्या हातचं मटण आठवलं.

आणि आजी आठवली म्हणून फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले.

"आजी, आपल्याकडे थॉम्पसनच्या आधी कोणती द्राक्षं होती गं?"

"भोकरी. आणि कुठं कुठं फकडी. का गं? तिकडं हेच शिकवतात का?"

मी भोकरी हे नाव लहानपणी ऐकलं होतं, पण ते द्राक्षाचं नाव आहे हे विसरूनच गेले होते. नाशिक भागात थॉम्पसन सीडलेस पसरलं 1960च्या दशकानंतर. त्याआधी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, हबशी अशा जाती असायच्या. आमच्या आण्णांनी, म्हणजे आजोबांनी, दोन एकर भोकरी उपटून थॉम्पसन लावलं.

"वाईट वाटलं का गं तेव्हा?"

"वाईट कशाचं? बियांची द्राक्षं कोण घेतंय? थॉम्पसन आलं म्हणून तुझ्या बापाचं कॉलेज झालं. अन् तुझं बी."

तोर्तोनाच्या बाई आणि निफाडची आजी. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण बोलल्या एकच.

आजीने फोन काकांकडे दिला. नाना तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत. दिवसभर मजुरांच्या मागे पळून वैतागलेले. मी म्हटलं, "नाना, भोकरीचा एखादा वेल कुठे शिल्लक असेल का?"

"बाई, इथं डावणी येते का काय या काळजीत माणूस मरतोय, अन् तुला भोकरी सुचतीये?" नाना म्हणाले. मग जरा थांबून, "बघतो. तुझ्या आत्याच्या गावाला मळ्यातल्या विहिरीवर एक म्हातारा वेल होता. असला तर काड्या ठेवतो."

अवेल्लिनोकराच्या घरी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अवेल्लिनोकर मला घरी घेऊन गेला. मिलान ते नेपल्स फास्ट ट्रेन, पुढे बस. नेपल्सचा समुद्र मागे पडला की डोंगर सुरू होतात आणि हवा एकदम गार. या भागाचं नाव इर्पीनिया. दक्षिण इटली म्हणजे ऊन आणि लिंबं, असं समजणाऱ्यांनी इथे स्वेटर न्यावा.

इथल्या तीन जातींची नावं पाठ करून ठेवा. पांढऱ्यात फियानो आणि ग्रेको, लालमध्ये अल्यानिको. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही तोच सल्ला मिळत होता, की जुनं काढा आणि जास्त माल देणाऱ्या बाहेरच्या जाती लावा. आत्रिपाल्दा गावच्या वाइन घराण्यातला अंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो हा माणूस तेव्हा तरुण होता. त्याने ऐकलं नाही. त्याने फियानो, ग्रेको आणि अल्यानिकोच धरून ठेवली. 1968 सालच्या त्याच्या ताउराझी वाइनबद्दल जाणकार आजही हळव्या आवाजात बोलतात. ताउराझीला इटलीचा सर्वोच्च दर्जा, म्हणजे डीओसीजी, 1993 मध्ये मिळाला, फियानो दी अवेल्लिनो आणि ग्रेको दी तूफो यांना 2003 मध्ये. अंतोनियो 2014 मध्ये गेले.

मधल्या काळात या भागावर काय गुदरलं ते मला अवेल्लिनोकराच्या वडिलांनी सांगितलं. 23 नोव्हेंबर 1980, रविवारची संध्याकाळ. दीड मिनिटाचा भूकंप आणि अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. कित्येक गावं उभीच राहिली नाहीत. "त्यानंतर बरेच जण निघून गेले," ते म्हणाले. "जे राहिले त्यांच्याकडे दगड होते आणि वेली होत्या."

याच घराण्याने आणखी एक भारी काम केलं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत घरांमध्ये द्राक्षबागा होत्या. वेलींची मुळं कुजून राखेत पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना याशेम्स्की या संशोधिकेने त्यांचे साचे काढून वेली नेमक्या कुठे होत्या ते शोधलं. 1990च्या दशकात मास्त्रोबेरार्दिनोंनी त्याच जागी गावरान जाती पुन्हा लावल्या आणि 2001च्या हंगामापासून 'व्हिल्ला देई मिस्तेरी' नावाने वाइन काढली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खड्ड्यात नवी काडी!

आम्ही मात्र स्वयंपाकघरात बसलो होतो. अल्यानिकोची तोडणी उशिरा, ऑक्टोबर संपता संपता होते. त्यामुळे घरात द्राक्षाचा वास अजून भरून होता. वडिलांनी घरच्या अल्यानिकोची बाटली काढली. रंग काळपट जांभळा, आणि पहिल्या घोटाला हिरड्या आवळून आल्या. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. मी तोंड वाकडं केलेलं पाहून आख्खं घर हसलं. मग आईने समोर डुकराच्या मांसाचा रस्सा आणि हाताने केलेला पास्ता ठेवला. त्याच्यासोबत तीच वाइन मऊ झाली. तेव्हा फंडा कळला. या वाइन नुसत्या प्यायच्या नसतातच. गावचं जेवण आणि गावची वाइन एकमेकांना बघूनच मोठी झालेली असतात.

लाव्हावरचे म्हातारे

शेवटचा मोठा वीकेंड सिसिलीचा. कातानियाला विमानाने उतरायचं आणि 'चिर्कुमेत्नेआ' नावाच्या नॅरोगेज गाडीत बसायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही गाडी एट्ना ज्वालामुखीला वळसा घालत जाते. आपल्या माथेरानच्या राणीची सिसिलियन बहीण. खिडकीतून काळ्या लाव्हाचे थर दिसतात. मला अजिबात परकं वाटलं नाही. सह्याद्रीही लाव्हाचाच की, फक्त साडेसहा कोटी वर्षं थंड झालेला.

एट्नाच्या उत्तर उतारावर, जवळपास हजार मीटर उंचीपर्यंत, नेरेल्लो मास्कालेझे नावाचं लाल द्राक्ष आहे. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल एकटा, चेस्टनटच्या खांबाला टेकून उभा, छोट्या झाडासारखा. म्हणून या पद्धतीला 'आल्बेरेल्लो' म्हणजे झाडुकली म्हणतात. ट्रॅक्टर जाऊच शकत नाही. सगळं हाताने. आणि यातल्या काही वेली शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या. ज्वालामुखीच्या वाळूसारख्या मातीत फिलोक्सेरा टिकत नाही. ज्या किडीने युरोप झोपवला, तिला इथल्या राखेने अडवलं.

1980च्या अखेरीस एट्नाच्या बागाही ओस पडत होत्या. औषधांच्या व्यवसायातल्या जुझेप्पे बेनांती यांनी 1988च्या सुमारास साल्व्हो फोती या वाइनतज्ज्ञाला सोबत घेऊन जुन्या बागांतून वाइन काढायला सुरुवात केली. 2000च्या आसपास बाहेरचे लोकही येऊन पोचले. आज जुने लाव्हाचे पट्टे, म्हणजे 'कोंत्रादा', लेबलवर मिरवतात. शेजारच्या दोन कोंत्रादांची चव वेगळी लागते म्हणतात. मी तीन चाखल्या. वेगळ्या लागल्या, शपथ. रंग फिका, माणिकासारखा. वास आंबट चेरीचा आणि विझलेल्या काडेपेटीचा.

आणि आता एक गंमत. डीएनए तपासणीत निघालं, की नेरेल्लो मास्कालेझे हे सांज्योव्हेझेचं पोर. सांज्योव्हेझे म्हणजे क्यान्तीचं द्राक्ष, इटलीत सर्वात जास्त लागवडीचं. आणि तेच सांज्योव्हेझे आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला आहे! 2007 मध्ये सेच्ची हे इटालियन भाऊ, दिल्लीचे सेखरी भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील भाऊ यांनी मिळून तिथे 'फ्रातेल्ली' सुरू केली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. त्यांच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये सांज्योव्हेझे असतं. म्हणजे एट्नावरच्या म्हाताऱ्यांचे नातेवाईक सोलापुरात निघाले.

सगळंच गोड नाही

इथे थोडं खरं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मला कमिशन मिळतंय. 'गावरान' म्हणजे आपोआप भारी, असं काही नाही. एका गावात मोठ्या अभिमानाने दिलेली दुर्मिळ जातीची वाइन पातळ, आंबट आणि शिळ्या भाजीसारखी निघाली. काही जाती मागे पडल्या त्याला कारण होतं. शिवाय दुर्मिळ म्हटलं की किंमत वाढते आणि एखादं द्राक्ष फॅशनमध्ये आलं की ज्यांनी ते सांभाळलं त्यांनाच शेजारची जमीन परवडत नाही. तोर्तोनाच्या बाई हेच म्हणत होत्या.

आणि उपटणारे काही व्हिलन नव्हते. तोर्तोनाचे सासरे असोत की निफाडचे आण्णा. पोरांच्या फिया भरायच्या होत्या. ज्या पिढीने उपटलं, तिच्या पैशांवर शिकलेली पिढी आता परत शोधत फिरतेय. त्यात मीही आले. ऑनसाइटच्या भत्त्यावर भोकरीची हळहळ करणं सोपं असतं.

पण मास्सा, रापुत्सी, मास्त्रोबेरार्दिनो यांच्यात एक गोष्ट सारखी दिसली. हळहळीत वेळ न घालवता त्यांनी काडी लावली. आणि मग त्या काडीची वाइन लोकांना आवडेल इतकी चांगली करण्यात पुढची वीस-तीस वर्षं घातली. दुसरा भाग जास्त अवघड होता.

सात काड्या

डिसेंबरात घरी आले. बॅगेत दोन बाटल्या, एक देरथोना आणि एक स्क्योप्पेत्तीनो. आजीने स्क्योप्पेत्तीनोचा वास घेतला, "मिरं टाकलंय का?" विचारलं आणि बाटली लांब सरकवली. जगातल्या कुठल्याही टेस्टरने एवढं अचूक सांगितलं नसतं.

नाना मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. काळ्या प्लॅस्टिकच्या सात पिशव्या. आत्याच्या गावच्या विहिरीवरचा वेल अजून होता. छाटून आणलेल्या सात काड्या त्यांनी माती-शेणखतात खोचल्या होत्या. चार वाळल्या. तिघींचे डोळे फुटले होते, नखाएवढी हिरवी पानं.

"भोकरीच आहे का?" मी विचारलं.

"कुणाला माहीत? आजी म्हणते पान तसंच आहे. फळ आल्याशिवाय काय सांगणार?" नाना म्हणाले. "मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात दाखवू. त्यांच्याकडे जुन्या जातींचा संग्रह असतो." आणि मग लगेच, "पण हे बघ, एक एकर वगैरे मागू नको. बांधावर लावीन. तीन वेल."

तीन वेल पुरेत. काही जातींच्या नशिबात इटलीतही सुरुवातीला एवढेच होते.

वाइन लिस्टसमोर बसलात तर...

• तिमोरास्सो (देरथोना): पांढरी, पण दमदार. चार-पाच वर्षं जुनी बाटली मिळाली तर सोडू नका. तळलेलं पापलेट किंवा मुरलेलं चीज सोबत घ्या.

• फियानो दी अवेल्लिनो: हेझलनट आणि मधाची झाक. कोळंबीसोबत झक्कास. नारळाच्या रसाची, कमी तिखट आमटी असेल तर आणखी छान.

• ग्रेको दी तूफो: फियानोची तिखट स्वभावाची शेजारीण. तूफो गावात गंधकाच्या खाणी होत्या. सुरमई फ्रायला पर्याय नाही.

• स्क्योप्पेत्तीनो: मिरीवाली लाल. सुकं मटण, मिरी घातलेलं चिकन.

• नेरेल्लो मास्कालेझे (एट्ना रोस्सो): फिकी, नाजूक लाल. किंचित थंड करून प्या. खिमा किंवा मशरूम चालेल.

• अल्यानिको (ताउराझी): घाई करणाऱ्यांसाठी नाही. तास-दोन तास आधी बाटली उघडून ठेवा. सोबत भरपेट मटण हवंच.

• इम्पोर्टेड बाटली आपल्याकडे येईपर्यंत बरीच महागते. चार मित्र मिळून एक बाटली घ्या किंवा कुणी युरोपातून येणार असेल तर आधीच मस्का लावा.

• झणझणीत रश्श्यासोबत अल्यानिको उघडू नका. तिखट आणि तुरट एकत्र आले की दोघांचीही मजा जाते. ही चूक मी स्वतः केली आहे.

• लेबलवर ओळखीचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. वेटरला विचारा, "हे द्राक्ष कुठल्या गावचं?" निम्मी गंमत त्या उत्तरात असते.